अजिंक्यताऱ्याच्या चढावर स्वस्त टॅक्टिकल बुटांची परीक्षा

मी साताऱ्यात एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या गेटवर सुपरवायझर आहे. काही वर्षांपूर्वी पावसाळ्याच्या तोंडावर आमच्या दहा जणांसाठी एकाच मॉडेलचे दहा जोड मागवले. फोटोत बूट असा दिसत होता की घातला की माणूस थेट सीमेवरच. गणपती बसायच्या आत चार जणांच्या बुटांनी तोंड वासलं. दोघांच्या बाजूच्या चेन अडकल्या त्या कायमच्या. तिघांनी ‘चावतात’ म्हणून ते घरी टाकून पुन्हा जुने बूट चढवले. आणि दहाव्या माणसाचा जोड? तो अजून चालू आहे. सोल झिजलाय, पण उघडलेला नाही.

तेच मॉडेल, तीच ऑर्डर, तोच पाऊस. तेव्हापासून ‘कुठल्या कंपनीचे घेऊ?’ असं कुणी विचारलं की मी कंपनीचं नाव सांगत नाही. दीड ते तीन हजारांच्या टप्प्यात एकाच नावाचे दोन जोड सारखे निघतील याचा भरवसा नसतो. म्हणून तपासायचा तो आपल्या हातातला जोड, आपल्या पायात, आपल्या रस्त्यावर. ती तपासणी कशी करायची ते इथे क्रमाने सांगतो. गेटवर नव्याने लागलेली मुलं, भरतीची तयारी करणारी मुलं-मुली आणि पहिल्यांदा गडावर निघालेले लोक, या सगळ्यांना यातलं बरंचसं लागू पडेल.

आधी काम ठरवा, मग बूट

‘टॅक्टिकल’ ही कुठली प्रत नाही आणि प्रमाणपत्रही नाही. घोट्याच्या वर जाणारा, सहा-आठ इंची, खोल खाचांच्या सोलचा, लेसचा बूट, कातडं आणि जाड नायलॉन मिळून शिवलेला, एवढाच त्याचा अर्थ. खोक्यावर हा शब्द कुणीही छापू शकतं. कारखान्यात आत मशीनवर काम असेल तर हा बूट चालणार नाही. तिथे पुढे पोलादी टोपी असलेला सेफ्टी बूट लागतो, आणि त्यावर आयएस १५२९८ हा आकडा आणि आयएसआय खूण बघून घ्यायची. त्या मानकातल्या सेफ्टी बुटाची टोपी २०० ज्यूलचा आघात सोसते. उलट तोच पोलादी बूट घालून गड उतरलात तर बोटांचं भरीत होतं. एकाच बुटात दोन्ही कामं उरकायचा हट्ट नको.

गेटवर बारा तास उभं राहायचं असेल तर टाचेखालचा मऊपणा महत्त्वाचा आणि सोलच्या खाचा दुय्यम. डोंगरासाठी नेमकं उलट. भरतीच्या मुलांना तर स्पष्टच सांगतो, पोलीस भरतीची १६०० मीटर किंवा ८०० मीटरची धाव या बुटात काढायची नाही. सरावही नाही. ‘जड बुटात पळालो की हलक्या बुटात उडतो’ असं मैदानावर कुणीतरी सांगतंच, आणि ते ऐकून नडगी धरून बसलेली मुलं मी दर भरतीला बघतो.

वजनाचं गणित एकदा करून बघा. दहा किलोमीटर चालताना साधारण तेरा हजार पावलं पडतात. प्रत्येक पावलाला एक बूट जमिनीवरून उचलला जातो. बुटामागे १०० ग्रॅम जास्त असले, तर त्या दहा किलोमीटरमध्ये दोन्ही पाय मिळून तेरा क्विंटल जादा उचलतात. आमच्याकडे ज्वारीचं पोतं क्विंटलचं धरतात. अशी तेरा पोती. म्हणून जोड काट्यावर ठेवून बघा. ओळखीच्या किराणा दुकानदाराला सांगितलं तर तो हसतो, पण वजन करून देतो. सव्वा किलोपर्यंतचा जोड चालेल. दीड किलोच्या पुढे गेला तर तो उभं राहायच्या ड्युटीला ठेवा.

पाय मोजा, पण संध्याकाळी

सकाळचा पाय आणि संध्याकाळचा पाय वेगळे असतात. दिवसभर उभं राहून पाय सुजतो. त्यामुळे मोजणी ड्युटीवरून आल्यावर करायची. भिंतीला टाच टेकवून कागदावर उभे राहा, पूर्ण भार टाका आणि सगळ्यांत लांब बोटाच्या टोकाशी खूण करा. हे बोट अंगठाच असेल असं नाही, अनेकांचं शेजारचं बोट लांब असतं. दोन्ही पाय मोजा. जो मोठा निघेल त्याचं माप धरायचं.

इंग्लंडच्या मापात एका नंबरमागे फरक साडेआठ मिलिमीटरच्या आसपास असतो, युरोपच्या मापात पावणेसात. अमेरिकेचा आकडा पुरुषांच्या बुटात इंग्लंडच्या आकड्यापेक्षा साधारण एकाने मोठा असतो. बुटावर नुसतं ९ लिहिलंय आणि ते कुठल्या देशाचं हे लिहिलेलं नाही, असा जोड ऑनलाइन मागवूच नका.

आपल्याकडे आणखी एक भानगड आहे. लहानपण अनवाणी किंवा चपलेत गेलेल्यांचा चवडा पसरट असतो. बूट चवड्यावर आवळतो म्हणून माणूस एक नंबर मोठा घेतो. चवडा सुटतो, पण टाच आत खालीवर व्हायला लागते आणि दुसऱ्या दिवशी टाचेला फोड. अशा वेळी नंबर वाढवू नका, दुसरं मॉडेल बघा.

दुकानात बूट हातात आल्यावर

राजपथावर घ्या, पोवई नाक्याला घ्या किंवा कुरिअरने घरी येऊ द्या, पायात घालण्याआधी पाच मिनिटं बूट हातात खेळवा.

दोन्ही बूट सपाट टेबलावर शेजारी ठेवा आणि मागून बघा. टाचेची शिवण सरळ उभी हवी. एक बूट आत झुकलेला, एक बाहेर, असं असेल तर परत. बोटाने टोक दाबल्यावर बूट डुगडुगत असेल तरीही परत. सोलच पिळलेला असतो, तो तुमच्या पायाने सरळ होत नाही.

मग टाच एका हातात, टोक दुसऱ्या हातात धरून बूट वाकवा. तो चवड्याच्या जागी वाकला पाहिजे, जिथे आपली बोटं वळतात तिथेच. मधोमध, कमानीखाली दुमडला तर आत शँक नाही असं समजा. शँक म्हणजे सोलच्या पोटातली पोलादाची किंवा कडक प्लास्टिकची पट्टी. ती नसली की दगडधोंड्यात तळपाय संध्याकाळपर्यंत ठणकतो. आता ओलं फडकं पिळतो तसा बूट पिळून बघा. थोडा पीळ बसेल, पण विरोध जाणवला पाहिजे.

टाचेचा मागचा कप अंगठ्याने दाबा. पुठ्ठ्यासारखा चेपून तसाच राहिला तर तो खरंच पुठ्ठा असण्याची शक्यता आहे. पहिल्या पावसात तो लगदा होईल.

वरच्या कातड्याकडे वळा. स्वस्त बुटात बहुतेक वेळा अखंड कातडं नसतं. कातड्याचा खालचा थर काढून त्यावर प्लास्टिकचा लेप दिलेला असतो. तो वाईटच असतो असं नाही, पण जिथे बूट वाकतो तिथे लेपाला आधी भेगा जातात. ओळखायचं कसं? जिभेची किंवा वरच्या काठाची उघडी कडा बघा. कातड्याला केसाळ तंतू दिसतात, लेप वेगळ्या थरासारखा दिसतो. चवड्यापाशी बूट वाकवल्यावर बारीक सुरकुत्या पडून लगेच गेल्या तर ठीक. पांढरट रेघा उमटून तशाच राहिल्या तर तिथूनच तो फाटणार.

सोल कशाचा आहे हे नखाने कळतं. रबरात नख रुततं आणि खूण भरून येते. पीव्हीसी चकचकीत आणि कडक असतं, हिवाळ्यात महाबळेश्वरच्या बाजूला पहाटे गेलात तर आणखी कडक होतं आणि ओल्या फरशीवर घसरतं. पीयू म्हणजे पॉलियुरेथेन हलकं आणि स्पंजासारखं, उभं राहायला सगळ्यांत सुखाचं. पण त्याची एक खोड आहे. हवेतला ओलावा वर्षानुवर्षं शोषत ते आतून तुटत जातं, बूट न वापरता खोक्यात ठेवला तरी. मग एक दिवस चालता चालता सोलचे तुकडे भाकरीच्या चुऱ्यासारखे रस्त्यावर पडतात. म्हणून ‘जुना स्टॉक, निम्म्या किमतीत’ दिसला की आधी खोक्यावरचा निर्मितीचा महिना आणि वर्ष वाचा. तीन-चार वर्षं पडून असलेला पीयू सोलचा बूट फुकट दिला तरी मी डोंगरावर नेणार नाही.

शेवटी सोल आणि वरचा भाग जिथे जुळतात ती रेघ. घरातून निघताना लग्नपत्रिकेचा एक कोपरा कापून खिशात टाका. त्या रेघेवर, विशेषतः पुढच्या टोकाला आणि चवड्याच्या दोन्ही बाजूंना, तो कोपरा हलकेच आत सरकवून बघा. नव्या बुटात तो कुठेही आत जाता कामा नये. गेला तर तिथे सोल्युशन, म्हणजे सोल चिकटवायचा डिंक, बसलेलंच नाही. दुकानदाराचा चेहरा बघण्यासारखा होतो, पण पैसे आपले आहेत.

घरातले पहिले तीन दिवस

माझे मामा फौजेतून निवृत्त झालेले, अपशिंग्याचे. पहिल्या महायुद्धात ज्या गावची ४६ माणसं कामी आली तेच हे मिलिटरी अपशिंगे. मी नवे बूट दाखवले की मामा कधी ‘कितीला घेतलास?’ म्हणत नाहीत. त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: ‘आरं, मोजं कुठलं घालून बघितलंस?’ त्यांच्या काळातले डीएमएस, म्हणजे सोल थेट साच्यात ओतून चिकटवलेले बूट, एकदा पायात बसले की वर्षभर बघावं लागत नसे. पण बसेपर्यंतचे पंधरा दिवस मोज्यांवर निघायचे, असं ते सांगतात.

तर जे मोजे ड्युटीला किंवा गडावर घालणार तेच घालून बघायचं. निव्वळ सुती मोजे या बुटांना नकोत. सूत घाम धरून ठेवतं, ओली कातडी मऊ पडते आणि घासली की फोड येतो. लोकरीचे किंवा नायलॉन-मिश्रणाचे, टाचेला जाड असलेले मोजे घ्या. बुटात पाचशे रुपये कमी घाला, पण मोज्यांचे दोन चांगले जोड घ्या.

बिल आणि खोकं जपून ठेवा. परतीची मुदत किती दिवसांची आहे ते वाचा आणि तेवढे दिवस बूट घराबाहेर न्यायचा नाही. तळ घाण झाला की परत घेत नाहीत.

आधी लेस न बांधता पाय पुढे सरकवा, बोटं पुढे टेकली की टाचेमागे एक बोट आरामात गेलं पाहिजे. दोन बोटं गेली तर मोठा, बोट घुसवावं लागलं तर लहान. आतला सोल, ज्याला जुनी माणसं सुकतळा म्हणतात, बाहेर काढून त्यावर उभे राहा. करंगळीची बाजू सुकतळ्याबाहेर लोंबत असेल तर बूट अरुंद आहे, मग दुकानदार कितीही म्हणो की ‘वापरून सैल होतात’. कातडं थोडं सैल होतं. नायलॉनचा भाग आणि सोल होत नाही.

मग लेस बांधा आणि घरात दोन तास वावरा. स्वयंपाकघर, जिना, गच्ची. जिना उतरताना बोटं पुढे आपटतात का बघा. उकिडवं बसा, बुटाचा वरचा काठ टाचेच्या वरच्या शिरेत रुततो का बघा. दोन तासांनी बूट-मोजे काढा आणि पाय उजेडात तपासा. लाल डाग दिसतीलच. पंधरा-वीस मिनिटांत गेले तर चिंता नाही. अर्ध्या तासानंतरही लाली तशीच असेल, तर ती जागा कागदावरच्या पायाच्या चित्रात खुणेने टिपा. दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवशी डाग त्याच जागी आला तर बूट परत करा. या बाबतीत मन घट्ट करावं लागतं, कारण तोवर घरच्यांनी ‘छान दिसतात हं’ म्हणून टाकलेलं असतं.

मधुमेहामुळे पायाची जाणीव कमी झालेल्यांनी मात्र हे ‘बसवायचे’ प्रयोग करू नयेत. त्यांना फोड आलेलाही कळत नाही. त्यांनी आधी डॉक्टरांना पाय दाखवावेत.

आता चढ

मुदत संपली, बूट ठेवायचे ठरलं, की खरी परीक्षा. साताऱ्यात त्यासाठी लांब जावं लागत नाही. अजिंक्यतारा डोक्यावरच उभा आहे, समुद्रसपाटीपासून सुमारे ३३०० फूट. वर गाडीरस्ता जातो आणि पायवाटाही आहेत. परीक्षेसाठी मी वर डांबरी रस्त्याने जातो आणि खाली पायवाटेने येतो. डांबरीवर टाच आणि लेस कळते, पायवाटेवर बोटं आणि घोटा.

पहिल्या फेरीला पाठीवर काही घेऊ नका. खिशात चिकटपट्टी, पिशवीत जुने बूट किंवा निदान चपला ठेवा. नव्या बुटात अडकून पडलेला माणूस गडावरून लंगडत उतरताना मी पाहिलाय; तो मीच होतो.

चढताना टाच उचलली जाते का याकडे लक्ष ठेवा. थोडी उचलली जाणं नव्या कडक सोलमध्ये चालतं. अर्ध्या बोटाएवढी उचलली जात असेल तर लेसची पद्धत बदला. घोट्याच्या वळणापाशी लेसचे दोन पदर एकमेकांभोवती दोनदा गुंडाळा, ताणून पक्के करा आणि मग लेस अडकवायच्या पुढच्या आकड्यांत घाला. त्यामुळे खालची लेस सैल आणि वरची घट्ट, किंवा उलट, असं हवं तसं ठेवता येतं. चढताना वरचा भाग किंचित सैल म्हणजे नडगी मोकळी राहते. उतरायच्या आधी थांबून टाच मागे ठोका आणि घोट्यापाशी घट्ट आवळा म्हणजे पाय पुढे घसरत नाही. ही एक गोष्ट जमली की बोटं आपटून काळी पडणारी निम्मी नखं वाचतात.

पायात चुरचुर सुरू झाली, गरम वाटलं, की तिथेच थांबा. ‘वर जाऊन बघू’ म्हणू नका. मोजा काढा, पाय पुसा, त्या जागेवर चिकटपट्टी सपाट लावा, सुरकुती न पडू देता. चुरचुरीपासून फोडापर्यंतचं अंतर बहुतेक वेळा दहा-पंधरा मिनिटांचंच असतं.

वर मंगळाईच्या देवळापाशी बसून बूट-मोजे काढा. मोज्याची ओल कुठे आहे बघा. पूर्ण मोजा सारखा दमट असेल तर तो घाम. एकाच बाजूला, टाचेला किंवा पंज्यावर ओल जास्त असेल तर तिथे हवा खेळत नाही किंवा पाय घासतोय. खाली पाहिलं की सातारा शहर ताटात वाढल्यासारखं दिसतं. पाच मिनिटं त्यात गेली तरी चालतील.

उतरताना पायवाटेच्या मुरमावर मुद्दाम सावकाश चाला आणि बोटं किती वेळा पुढे आपटतात ते मोजा. शंभर पावलांत दोन-चार वेळा चालेल. प्रत्येक पावलाला आपटत असतील तर या बुटात कोयनेच्या जलाशयापलीकडचा वासोटा किल्ला करायचा विचार सोडा. बामणोलीहून लाँचने पलीकडे गेल्यावर परतीची लाँच तुमच्या काळ्या नखासाठी थांबत नाही.

दुसरी फेरी आठवड्याने, पाठीवर पाच-सहा किलो घेऊन. तिसरी यवतेश्वरच्या घाटाने, लांब पल्ल्याची. डांबरी चढ सलग असल्याने टाच आणि पोटऱ्या तिथे बोलायला लागतात. कासच्या पठारावर बुटाची परीक्षा घ्यायला जाऊ नका. जांभा खडक सोल झिजवायला कानशीसारखा उत्तम, हे खरं. पण २०१२ पासून ते पठार जागतिक वारशात आहे, आणि फुलांच्या दिवसांत आखलेल्या वाटेबाहेर टाकलेला प्रत्येक बूट कुणाच्या तरी मुळावर येतो.

गेट ड्युटीवाल्यांची परीक्षा वेगळी. चार तास सलग उभं राहायचं, बसायचं नाही. पहिल्या तासात सगळेच बूट चांगले असतात. तिसऱ्या तासाला तळपाय जळायला लागला तर सुकतळा बदला. बूट टाकू नका. स्वस्त बुटात कंपनी सगळ्यांत आधी सुकतळ्यात हात आखडता घेते, आणि तो बदलणं सगळ्यांत सोपं असतं.

पाण्याची परीक्षा

‘वॉटरप्रूफ’ छापलेलं असतं. साताऱ्याच्या पावसात ते किती खरं हे नंतर कळण्यापेक्षा घरी कळलेलं बरं.

बुटात वर्तमानपत्राचे गोळे ठासून भरा. टबात चार बोटं पाणी घ्या आणि बूट पंधरा मिनिटं उभा ठेवा. बाहेर काढून पुसा आणि कागद काढा. कागद पुढच्या टोकाला ओला असेल तर सोलच्या जोडातून पाणी येतंय, तिथे पुन्हा लग्नपत्रिकेचा कोपरा लावून बघा. बाजूंना ओला असेल तर शिलाईतून. नंतर नळाखाली जिभेवर पाणी सोडा. जीभ दोन्ही बाजूंनी बुटाला शिवलेली नसेल तर पाणी सरळ आत उतरतं आणि ‘वॉटरप्रूफ’चा प्रश्न मिटतो.

पण माझ्या अनुभवात पावसाळ्यात बूट किती वेळ कोरडा राहतो यापेक्षा किती लवकर वाळतो हे जास्त कामाचं. जुलैत वरून शिरलेलं पाणी कुठलाच बूट अडवत नाही. आठ इंची बुटात तर ते तळ्यासारखं साठून राहतं. म्हणून आधी कोरड्या बुटाचं वजन टिपा. मग तो पूर्ण भिजवा, पाणी निथळू द्या, पुन्हा वजन करा. फरक म्हणजे बुटाने प्यायलेलं पाणी. मग आत कागद भरून, कागद बदलत, पंख्याखाली ठेवा आणि मूळ वजनावर यायला किती तास लागतात ते बघा. दुसऱ्या दिवशीच्या ड्युटीपर्यंत वाळत नसेल तर पावसाळ्यात दोन जोड आलटून पालटून घालावे लागतील, हे आधीच धरून चाला. रोज दमट बुटात पाय घातला की आठवड्यात बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात, आणि त्या बुटांपेक्षा जास्त दिवस टिकतात.

वाळवायच्या बाबतीत एक गोष्ट पाळाच. बूट बंबाशेजारी, चुलीपाशी किंवा गाडीच्या गरम सायलेन्सरला टेकवून ठेवू नका. आमच्या गेटवरच्या ज्या चार जोडांनी तोंड वासलं, त्यातला एक रात्रभर बंबापाशी होता, असं मागाहून कळलं. सोल्युशन उष्णतेने मऊ पडतं, कातडं आक्रसतं, आणि दोघं एकमेकांना सोडतात. उरलेले तीन मात्र आपल्या आपणच उघडले होते.

घसरण्याची परीक्षा शहाबादी फरशीवर. फरशीवर पाणी ओता, दाराच्या चौकटीला एका हाताने घट्ट धरा आणि एक पाय पुढे रेटून बघा. मग साबणाचं पाणी टाकून पुन्हा. हात सोडून हा प्रयोग करायचा नाही. शेवाळलेल्या काळ्या कातळावर मात्र कुठलाच सोल भरवशाचा नसतो. पावसाळ्यात तिथे बुटापेक्षा बुड टेकवणं बरं.

टिकाऊपणा: रविवारची दहा मिनिटं

आराम पंधरा दिवसांत कळतो, टिकाऊपणाला तीन महिने लागतात. रोज बघत राहिलात तर काहीच दिसत नाही. दर रविवारी बूट पुसताना दहा मिनिटं द्या.

पहिल्या दिवशी सोलच्या खाचांची खोली फूटपट्टीने चार जागी मोजून ठेवा: टाचेची बाहेरची कड, टाचेचा मध्य, चवडा, टोक. टाचेची बाहेरची कड बहुतेकांची आधी झिजते. महिन्यात ती एक मिलिमीटरने कमी झाली आणि सुरुवातीला चार मिलिमीटर होती, तर पावसाळा निघेल, पुढचा उन्हाळा निघणार नाही. एकाच पायाची एकच कड झपाट्याने उतरत असेल तर दोष तुमच्या चालण्यात आहे.

मग पत्रिकेचा कोपरा फिरवा, चवड्याच्या दोन्ही बाजूंनी. दर पावलाला बूट तिथेच वाकतो, त्यामुळे सोल सुटायला तिथूनच सुरुवात होते. मिलिमीटरभर फट दिसली की त्याच दिवशी दुरुस्तीला न्या. माती आत गेल्यावर सोल्युशन नीट धरत नाही. रस्त्याकडेला बसणारे कारागीर कडेने पूर्ण शिलाई मारून देतात. रबरी सोलला ती शिलाई मी नव्या बुटावरच मारून घेतो. पीयूच्या स्पंजासारख्या सोलला मात्र शिलाई मारू नका. सुई जिथे गेली तिथूनच तो फाटत जातो.

आकडे आणि भोकं: लेस ओढून कुठली कडी हलते का बघा. लेस सोबत आलेली बहुधा गोल आणि गुळगुळीत असते, सारखी सुटते. आठ इंची बुटाला साधारण १८० सेंटिमीटरची चपटी लेस घ्या आणि एक जोड पिशवीत ठेवा.

चेनबद्दल माझं मत सोपं आहे. गडावर चेनचा बूट नको. ड्युटीला हवाच असेल तर चेनमागे कातड्याची पट्टी आहे का बघा, दातांवर मेणबत्ती घासा आणि चिखल लागला की ब्रशने काढा. चेन बिघडली तर बदलून मिळते, पण कुणी करून देणारा सापडेपर्यंत बूट बंद.

पॉलिशच्या बाबतीत नवे लोक दोन्ही टोकांना जातात. रोज थापायची गरज नाही. ओला बूट आधी सावलीत पूर्ण वाळू द्या, मग पातळ हात. नायलॉनच्या भागावर पॉलिश लावलंत तर त्याची बारीक भोकं बुजतात आणि पाय घामेजतो.

तीन महिन्यांनी सगळं ठीक असेल आणि तुम्हाला तोच बूट पुन्हा घ्यावासा वाटला तर जरूर घ्या. फक्त नवा जोड आला की त्याचं खोकं उघडून दोन्ही बूट पुन्हा टेबलावर शेजारी ठेवा, मागून बघा, आणि पत्रिकेचा तो कोपरा शोधा. स्वस्त मॉडेलचं नाव तेच राहतं आणि आतला माल बदलतो. आमच्या त्या दहाव्या माणसाने यंदा त्याच मॉडेलचा दुसरा जोड मागवला. कोपरा डाव्या बुटाच्या टोकाला पहिल्याच झटक्यात आत गेला.